मुरलेल्या अंगाची मिजास

सप्टेंबरची अठरा तारीख, गुरुवार. सकाळी मी हौद घासायला घेतला होता. गोठ्याशेजारचा सिमेंटचा हौद, शेरडामेंढरांच्या पाण्याचा. आठवड्यातून एकदा तो पार रिकामा करायचा, तळाचं शेवाळ काथ्यानं खरवडायचं, उन्हात वाळू द्यायचा आणि मग भरायचा, हा माझा नियम. घरातल्या पुरुषांना हे बायकांचं खूळ वाटतं. "पानी तर नितळ हाय," म्हणतात. नितळ आहे म्हणूनच हिवतापाचा डास त्यात अंडी घालतो, गटारीकडं तो फिरकत नाही. दवाखान्याच्या आशाताईनं हे चित्र काढून शाळेच्या भिंतीला चिकटवलंय. पण आमची माणसं त्या भिंतीला पाठ लावून बसतात, तोंड करून नाही.

आमचं गाव परभणीजवळच्या झरीहून आत फुटलेल्या रस्त्यावर. थोडी जमीन, थोडी मजुरी आणि पिढ्यानपिढ्या मेंढरं. माझे मालक वर्षाचे आठ महिने कळपामागं रानात असतात. भिंतीपलीकडं धाकट्या दिरांचं घर. त्यांच्याही दारात असाच हौद आहे. पाऊस लागल्यापासून तो एकदाही उपसलेला नव्हता. मी दोनदा सांगितलं होतं. "वैनी, तुमचा तुमी घासा," असं उत्तर मिळालं होतं. माणसाच्या हौदाला हात लावला की त्याच्या मर्दपणाला हात लागतो, असं काहीतरी असावं.

मी काथ्या टाकून पाणी मारत होते, तेवढ्यात भिंतीपलीकडून बाजेची खडखड ऐकू आली. बाज अशी खडखडते ती दोनच वेळा. एक तर तिच्यावर पोरं नाचत असतात, नाहीतर तिच्यावरचं माणूस हिवानं थडथडत असतं. त्या घरात पोरं नाहीत. पहिलं लेकरू यायचंय, ते धाकट्या दिरांच्या सुनेच्या पोटात सहावा सरून सातव्यात होतं.

मी पदर खोचलेलीच तिकडं गेले. पोरगी दोन गोधड्यांखाली मुटकुळं करून पडली होती. दात दातावर वाजत होते. बाहेर भादव्याचं ऊन असं, की मेंढरंसुद्धा सावली धरून उभी होती. माझी जाऊ तिच्या उशाशी मूग निवडत बसली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"अक्का, एक दिसाआड भरतंय हिव," जाऊ म्हणाली. "काल बरी होती. भाकरी थापली तिनं."

"आशाताई आली नाही?"

"आली होती. ह्यांनी परतवून लावलं. म्हनले आमच्या घरात रगत काढायचं न्हाई."

आशाताईही परत गेली, ह्याचं मला नवल वाटलं नाही. तीही गावचीच सून. तपासणीची किट पिशवीत घेऊन हिंडते, पण सासऱ्याच्या वयाचा माणूस समोर आला की पदर सावरण्यातच तिचा धीर संपतो.

"आणि तुझे हे काय म्हणाले?"

जावेनं मुगातला खडा उचलून लांब फेकला. "मुरायलीय म्हनले."

मुरायलीय म्हणजे काय, ते सांगते. बाहेरच्या माणसाला ते खरं वाटायचं नाही.

बाजारातून नवी मेंढी आणली की आमच्याकडं तिला वेगळी बांधत नाहीत. उलट पावसाच्या तोंडावर, नाक गळणाऱ्या, खोकणाऱ्या जुन्या मेंढ्यांत मुद्दाम सोडतात. इथलं दुखणं तिला इथंच लागलं पाहिजे, म्हणजे ती इथल्या पाण्याला मुरते. दसऱ्याला जी उभी असेल तिच्या पाठीवर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा ओढला की ती घरची झाली. जी मधेच मेली ती ओढ्यात जाते आणि तिचं नावही कुणी काढत नाही. मग आमचे पुरुष पट्ट्याच्या मेंढ्यांकडं बोट दाखवून म्हणतात, "बघा, मुरवलेली मेंढी कधी मरत न्हाई." कशी मरेल? मेलेलीला पट्टा मिळतोच कुठं! माझ्या सासऱ्यांना मी लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी हे विचारलं होतं. ते म्हणाले, सून लय बोलते.

ही अक्कल माणसाला लावायची तेवढी बाकी होती, ती ह्या भादव्यात लावून झाली.

त्यात धाकट्या दिरांना स्वतःच्या अंगाचा पुरावा मिळालेला. कळप कमी केल्यापासून ते गडचिरोलीकडं जंगलात रस्त्याच्या कामाला जातात आणि पेरणीच्या सुमाराला घरी येतात. पहिल्या वर्षी आले ते हिवतापानं असे वाळून, की आमच्याच कुत्र्यानं त्यांच्यावर भुंकावं. दुसऱ्या वर्षी ताप कमी. पुढं तो यायचाच बंद झाला. तेव्हापासून स्वारी हवेत. पारावर बसून सांगायचे, "मच्छर मला चावलं की मच्छरच मरतंय. आपलं रगत कडू झालंय." माणसं हसायची, चहा पाजायची. मच्छरदाणीत झोपणाऱ्याला ते नवरीबाई म्हणायचे.

त्यांचा हा रिकामा डौल मी ऐकून सोडून देत असे. पण त्यांना एक पदवीधर साथीदार मिळाला. गावातले निवृत्त गुरुजी. ह्यांनी आयुष्यभर पोरांना पाढे शिकवले आणि निवृत्त झाल्यावर फोनवरून सगळं शास्त्र शिकले. रक्त कडू झालंय हे गुरुजींना अडाणीपणाचं वाटलं. त्यांनी त्याचं नाव अँटीबॉडी ठेवलं. अडाणीपणाला शाल पांघरली की तो अडाणीपणा राहत नाही, सत्कार होतो.

मी पोरीच्या कपाळाला हात लावला. अंगात हिव, कपाळ तव्यासारखं. तिनं डोळे उघडले. सेलूची पोरगी, बाप कापसाच्या जिनिंगात कामाला, बारावी शिकलेली. बोलायला चुरचुरीत, पण सासऱ्यापुढं गप्प. नवरा पुण्याला कंपनीत. फोन केला होता त्याला. तो म्हणाला, बाबांना विचार.

"मोठ्या आत्याबाई," ती हळूच म्हणाली, "लेकरू हलंना गेलंय कालपासून."

"सासूला सांगितलंस?"

"आत्याबाईंनी मामांना सांगितलं. मामा म्हनले, झोपलं आसंल."

मी जावेकडं पाहिलं. तिनं सुपातल्या मुगाकडं पाहिलं. आता हिव, मूग, मुरणं सगळं बाजूला. पोटातलं लेकरू जिवंत आहे का नाही, एवढा एकच प्रश्न होता, आणि त्याचं उत्तर त्या घरातल्या कुणाकडं नव्हतं.

"ऊठ," मी म्हणाले. "चप्पल घाल."

बाहेर ओट्यावर दोघे विद्वान बसलेलेच होते. धाकटे दीर तंबाखू मळत होते आणि गुरुजी फोन पुसत होते. मी रिक्षावाल्याला फोन लावला तसे भावजी उभे राहिले.

"कुठं निघालाव वैनी?"

"झरीला, दवाखान्यात."

"कामून? हिव भरलंय तिला. हिव काय पहिल्यांदा भरलंय का गावात? सेलूची पोरगी, नळाच्या पान्यावर वाढल्याली. इथल्या पान्याला मुरंल. दसऱ्याला पट्टा ओढू तिला, हाय का न्हाई गुरुजी?"

आणि हसले. पोरगी दाराच्या चौकटीला धरून उभी होती, तिच्यासमोर हसले.

गुरुजींनी मात्र शास्त्राची बाजू धरली. "वहिनी, मी सांगतो ते ऐका. औषधं दिली की शरीर आळशी होतं. ताप म्हणजे शरीराचा अभ्यास. अँटीबॉडी तयार होऊ द्या. मग आयुष्यभराची निश्चिंती. आणि आईच्या अँटीबॉडी बाळाला आयत्या मिळतात. दुहेरी फायदा."

"गुरुजी," मी म्हणाले, "कोरोनात तुम्ही ही अँटीबॉडी तयार व्हायची वाट बघत बसला होता, आणि तुमची पोरं तुम्हाला ऑक्सिजन लावून परभणीला घेऊन गेली होती. तेव्हा तुमचं शरीर आळशी झालं नाही वाटतं."

"ती वेगळी परिस्थिती होती," गुरुजी म्हणाले.

"ती तुमची होती, एवढंच वेगळं होतं."

भावजी दाराच्या मधोमध उभे राहिले. "वैनी, ही आमच्या घरची बात हाय. तुमी तुमचा हौद घासा जाऊन. आमी जंगलात ऱ्हायलो. तिथली मानसं उघड्यावर झोपतात, लेकरं अंगनात लोळतात, कोन मेलंय का? सगळी मुरल्याली हायेत."

"लेकरं किती पुरली ते विचारलं होतं का तुम्ही त्यांना?"

"ते कामून विचारू मी?"

"नका विचारू. बाजूला व्हा."

त्यांनी मान वळवून बायकोकडं पाहिलं. ती आवरील, अशी त्यांची समजूत. माझी जाऊ बावीस-पंचवीस वर्षांच्या संसारात त्यांना उलटून बोललेली मला आठवत नाही, आणि त्या दिवशीही बोलली नाही. तिनं सूप भिंतीला लावलं, आत जाऊन सुनेची दोन लुगडी पिशवीत भरली, पिशवी काखेत मारली आणि नवऱ्याच्या बाजूनं, त्यांना खांदा लावून, बाहेर आली. रिक्षात जाऊन बसली. भावजी सरकलेच होते तेवढ्यात. मी पोरीला हाताला धरून नेलं.

रिक्षा सुटताना गुरुजी म्हणाले, "उपाशीपोटी गोळी नका देऊ." तेवढी एकच शहाणपणाची गोष्ट त्यांच्या तोंडून बाहेर पडली, तीही आम्ही निघाल्यावर.

झरीच्या दवाखान्यात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं पोरीला पाहिलं आणि आधी पोटावर ते ठोके ऐकायचं यंत्र लावलं. फिरवलं, पुन्हा फिरवलं. काही ऐकू येईना. नुसती खरखर. जावेनं पिशवी छातीशी धरली. मग एका बाजूला, खाली, घोडा लांबून पळत यावा तसा आवाज आला. डॉक्टरीणबाई ऐकत राहिल्या.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण फार घाईत आहे. आईचा ताप उतरल्याशिवाय त्याची घाई थांबायची नाही."

पोरीनं तोंड भिंतीकडं केलं. मी तिला पाणी दिलं. रडायचं असेल तर रडू दे, पण पाणी पिऊन रड.

मग बोटाला सुई, रक्ताचा थेंब, त्या पट्टीवर दोन थेंब औषध. आम्ही बघत बसलो. दुसरी रेघ उमटली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी उजेडाकडं धरली आणि त्यांचा चेहरा बदलला.

"हा साधा हिवताप नाही. मेंदूवर जाणारा प्रकार आहे. आपल्याकडं हा फारसा दिसत नाही. घरात कुणी जंगलाच्या भागातून आलंय का? गडचिरोली, तिकडून?"

जाऊ म्हणाली, "हे आलेत. पेरनीच्या टायमाला."

"त्यांना ताप होता?"

"न्हाई. त्यांना काईच होत न्हाई. त्यांचं अंग मुरलंय."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मुरलंय म्हणजे काय, ते त्यांनी विचारून घेतलं. मी मेंढ्यांचं सांगितलं, गेरूचं सांगितलं, आणि अँटीबॉडीचं कुणी सांगितलं तेही. मला वाटलं, हसतील. त्या हसल्या नाहीत.

"निम्मं खरं आहे," त्या म्हणाल्या. "तेच वाईट आहे."

परभणीला न्यायची गाडी येईपर्यंत त्यांनी पोरीला औषध चालू केलं आणि मला समजावून सांगितलं. मी मुद्दाम उलटसुलट विचारलं, कारण मला हे ओट्यावर जाऊन सांगायचं होतं आणि ओट्यावर कच्चं सांगून भागत नाही.

जंतू पुन्हा पुन्हा अंगात शिरला की रक्त त्याला ओळखायला लागतं. ओळखून त्याला धरणारं जे रक्तात तयार होतं ती अँटीबॉडी. इथपर्यंत गुरुजी बरोबर. पण ती जंतूला धरते, दाबते, पार हाकलत नाही. ताप येत नाही, माणूस चालतो, बोलतो, पारावर बसून बढाया मारतो, आणि जंतू त्याच्या रक्तात गुपचूप राहतो. त्याला चावलेला डास मरत नाही. तो पोटात जंतू भरून घेतो आणि पुढच्या बाजेवर जातो. घरात ज्याला काही होत नाही, तोच घरातल्या सगळ्यांना पुरवठा करतो.

"आणि हे मुरणं फुकट नसतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जिथं हिवताप वर्षाचे बारा महिने असतो, तिथं त्याची किंमत लहान लेकरं देतात. जी त्यातून जगतात, त्यांचं अंग निम्मंशिम्मं मुरतं. तेही तिथं राहिलं तर. गाव सोडून दूर राहिलं की हळूहळू ते विरून जातं."

"आपल्याकडं?"

"आपल्याकडं हिवताप कधी येतो, कधी येत नाही. तेवढ्यानं कुणाचंच अंग मुरत नाही. नुसतं आजारी पडतं."

"आणि हिचं?"

त्यांनी पोरीकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. हिचं तर विचारूच नका म्हणाल्या. पोटात लेकरू असलं की त्याला खाणं पुरवणारी वार तयार होते. ती जागा अंगाला नवी. हा जंतू तिथं जाऊन दडतो आणि तिथं तो वेगळं रूप घेतो. जंगलातल्या मुरलेल्या बाईचं रक्तसुद्धा पहिल्या खेपेला त्याला ओळखत नाही. तिथं जन्मलेल्या, वाढलेल्या बाया पहिल्या बाळंतपणात ह्यानं आडव्या होतात. वारेत जंतू साठला की लेकराचं खाणं तुटतं. लेकरू हलकं होतं, वेळेआधी येतं, नाहीतर येतच नाही.

म्हणजे तिच्या सासऱ्यांनी जे मुरवायला घातलं होतं, ते मुरण्यासारखं नव्हतंच. ना माहेर त्या तापाचं, ना सासर. आणि ज्या एका जागी जुन्या मुरलेल्या बाईचंही काही चालत नाही, तिथंच लेकरू. माझ्या डोळ्यांसमोर आमचा सगळा कळप आला. गाभण मेंढ्या ह्या मुरवण्यात गाभ टाकतात, ते मी स्वतः पाहिलंय. पुरुष त्याला दृष्ट लागली म्हणतात.

गाडी आली. परभणीच्या मोठ्या दवाखान्यात पोरीला भरती केलं, सलाइन लावलं, इंजेक्शन दिलं. दुपार सरली तसा ताप उतरायला लागला आणि घामानं तिचे केस कपाळाला चिकटले. तिनं दोन बिस्किटं खाल्ली. सोनोग्राफी झाली. तिथले डॉक्टर म्हणाले, लेकरू आहे, वजनाला थोडं कमी आहे, पण आता आलात ते बरं झालं, अजून दोन-तीनदा हिव भरलं असतं तर सांगता आलं नसतं. हलतंय का विचारलं तर पोरगी अजून नाही म्हणाली. हात पोटावरून काढत नव्हती.

जाऊ तिच्यापाशी थांबली. मला घरी यायला हवं होतं, जनावरं तहानलेली होती आणि मालक रानात. निघताना जाऊ म्हणाली, "अक्का, ह्यांचंबी रगत तपासा. डॉक्टरीण म्हनली होती." आणि लगेच, "मी म्हनले म्हनू नका."

"का म्हणू नको?"

ती थोडा वेळ पिशवीच्या बंदाशी खेळली. "म्हना," ती म्हणाली.

दिवस मावळायच्या आत मी गावात पोचले. ओट्यावर दोघे होतेच. त्यांचा दिवसभराचा हलण्याचा पुरावा म्हणजे सावलीबरोबर सरकलेली सतरंजी.

"काय म्हनली डॉक्टरीन?" भावजींनी विचारलं. आवाज सकाळपेक्षा बराच खाली आला होता, एवढं मात्र मी सांगते.

मी सगळं सांगितलं. एकही शब्द गाळला नाही. वारेचं सांगताना गुरुजींनी खाकरून मान फिरवली. बायकांच्या वारेची त्यांना लाज. तिच्यात मरणाऱ्या लेकराची नाही.

"मी सकाळी हेच सांगत होतो," गुरुजी शेवटी म्हणाले. "इलाज वेळेवर पाहिजे."

मी त्यांना उत्तर दिलं नाही. काही माणसांना उत्तर देणं म्हणजे त्यांना चहा पाजण्यासारखं असतं, ती अजून बसतात. मी भावजींना म्हणाले, "उद्या आशाताई येईल. तुमचं रक्त घ्यायचंय."

"माझं? मला काय झालंय? धडधाकट हाय की मी!"

"म्हणूनच."

"आपल्या घरात कुनी रगत देत न्हाई वैनी. ऐब लागतो घराला."

मी आमच्या जनावरांना पाणी पाजायला निघून गेले.

सकाळी मी उजाडताच आशाताईच्या दारात गेले. ती म्हणाली, "काकू, ते परत हाकलतील मला." मी म्हणाले, तू किट धर, बोलायचं माझ्याकडं लागलं. आम्ही दोघी गेलो तेव्हा भावजी दात घासत होते. मी बाज पुढं ओढली आणि म्हणाले, "बसा."

"वैनी, मी सांगितलं ना..."

"भावजी, एक मेंढी खोकली तर तुम्ही काय करता?"

"म्हंजे?"

"खोकणारीलाच औषध पाजता का सगळ्या कळपाला?"

त्यांनी चूळ भरली. सगळ्या कळपाला पाजतात. आमच्याकडं शेंबडं पोरही ते जाणतं. जी धडधाकट दिसते तिच्या तर जबड्यात हात घालून आधी पाजतात, कारण दुखणं तीच सगळ्यांना वाटत हिंडते. मुरवणारे पुरुष आणि कळपभर औषध पाजणारे पुरुष तेच. ह्या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात शेजारी राहतात आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

"त्या वेळी धडधाकट मेंढीला विचारता का, बाई, तुला ऐब लागतो का म्हणून?"

आशाताईला हसू आलं, तिनं पदर तोंडाला लावला. भावजी बाजेवर बसले. हात पुढं केला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं. गडचिरोलीच्या जंगलाला न भ्यालेला माणूस सुई बघायला भ्याला. दुसरी रेघ उमटायला फार वेळ लागला नाही. आशाताईनं पट्टी मला दाखवली. मी ती भावजींपुढं धरली.

ते पट्टीकडं बघत राहिले. "पन मला काहीच होत न्हाई," ते म्हणाले.

"तुम्हाला होतच नाही. तिला होतं."

तेवढ्यात जावेचा फोन आला. मी तो त्यांच्या समोरच घेतला, आवाज मोठा करून. "अक्का, ताप न्हाई. पहाटंपासून लेकरू हलायलंय. लय लाता मारायलंय." मागून पोरीचा आवाज आला, दोन दिवसांत पहिल्यांदा चुरचुरीत: "आत्याबाई, द्या की मला, मी सांगते."

भावजींनी हात पसरला. मला वाटलं फोन मागताहेत. ते गोळ्या मागत होते. आशाताईनं आधी थोडं खायला लावलं, मी आतून कालची भाकरी आणून दिली. त्यांनी गोळ्या गिळल्या. मी तोंड उघडायला लावलं आणि जिभेखाली बघितलं, मेंढीच्या बघतात तसं. बाकीच्या गोळ्या आशाताई रोज समोर उभी राहून देणार होती.

"रग्गड झालं आता," भावजी म्हणाले.

"नाही झालं," मी म्हणाले आणि त्यांच्या हौदाचं बूच काढलं. पाणी अंगणातून वाट काढत रस्त्यावर गेलं. तळाशी बोटभर शेवाळ होतं आणि त्यात काळ्या बारीक अळ्या वळवळत होत्या. मी काथ्या त्यांच्या हातात दिला आणि घरी आले. परभणीच्या गाडीला वेळ होता, तेवढ्यात दोघींचा डबा करायचा होता. भाकरी थापताना भिंतीपलीकडून खरवडल्याचा आवाज येत होता. घासायची रीत चुकीची होती, पण मी सांगायला गेले नाही.